भाड्याने दिलेला नोंदणी क्रमांक: एका दंतवैद्यास खुले पत्र

डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यावर ते हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं आहेच. नावापुढे बीडीएस, खाली 'ए'ने सुरू होणारा राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, आत खुर्चीमागच्या भिंतीवर चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र. तुमच्याशी संबंधित सगळं तिथे हजर असतं, तुम्ही सोडून. तुम्ही शहरातल्या तुमच्या वातानुकूलित दवाखान्यात असता आणि महिना उलटला की ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात पडते. खुर्चीशेजारी हातमोजे घालून उभा असतो तो बारावीनंतर एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागलेला तरुण. दुसऱ्याचे हात बघून जेवढं शिकता आलं तेवढं तो शिकला आहे. लोक त्याला तुमच्या नावाने हाक मारतात, आणि तोही 'ओ' देतो.

बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. फोटोत मान खाली घातलेला असाच एखादा पोरगा असतो, मागे पंचनामा करणारे अधिकारी असतात. त्या फोटोत तुम्ही कधीच नसता. वास्तविक मधोमध तुम्हालाच उभं करायला हवं. पोराच्या हातात फक्त चिमटा होता. लोक ज्यावर विसंबून खुर्चीत बसले, ते नाव तुमचं होतं.

मीही त्याच परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेला दंतवैद्य आहे. तुमच्या पाटीखाली झालेली कामं निस्तरायला माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र. आणि तुमच्यासारखे तुम्ही एकटे नाही, म्हणून ते जाहीर.

तुमच्या नावावर तिथे काय काय चालतं, याची तुम्हाला कल्पना असायला हवी. पैसे घेताना विचारलं नसेल, तर मी सांगतो. शेतमजुरी करणारी एक बाई माझ्याकडे आली. समोरचे दोन दात पडले होते, मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, म्हणून तुमच्या दवाखान्यात 'फिक्स दात' बसवून घेतले. एका बैठकीत, तासाभरात. पद्धत अशी: अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि द्रव वाटीत कालवायचा, तो गोळा तयार दातांसकट थेट हिरडीवर दाबायचा, शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळायची आणि तोंडातच तो घट्ट होऊ द्यायचा. हे रसायन घट्ट होताना तापतं. त्यातला न मुरलेला द्रव हिरडी भाजतो. ते प्रयोगशाळेत साच्यावर वापरायचं, कवळी दुरुस्त करायचं साहित्य आहे. तोंडात कायमचं चिकटवायचं नव्हे. त्या गोळ्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं, हाड झिजतं आणि ज्या दातांना तार बांधली तेही हलायला लागतात. तिच्या हिरडीतून पू येत होता. मी ते सगळं कापून काढलं तेव्हा दोनाच्या जागी चार दात गमावण्याची वेळ आली होती. तिने मला दाखवलेल्या चिठ्ठीवर तुमचं नाव छापलेलं होतं आणि खाली सही त्या मुलाची होती.

दुसरा माणूस खर्रा खाणारा. गालाच्या आतल्या बाजूला व्रण होता, तो भरत नव्हता. तुमच्या त्या मुलाने सांगितलं, दाढेची कड लागतेय. कड घासून दिली. मग तोंड आल्यावर लावतात ते जेल दिलं. मग गोळ्या. मग त्याच बाजूची एक दाढ हलायला लागली म्हणून ती उपटली. दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण म्हणजे काय शंका घ्यायची, हे बीडीएसच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. व्रणाची कड बोटाने चाचपायची, ती कठीण लागते का पाहायचं, जबड्याखाली आणि मानेत गाठी दाबून बघायच्या, तंबाखूची सवय विचारायची, तुकडा तपासायला पाठवायचा. खाली गाठ असताना हललेली दाढ उपटू नये, हेही. हे सगळं करायला यंत्र लागत नाही, शिकलेलं बोट लागतं. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या खर्रा-गुटख्याच्या पट्ट्यात दंतवैद्याची खुर्ची हीच तो लवकर सापडण्याची पहिली जागा असते. या माणसाने ती जागा गाठली होती. तो वेळेवर आला होता. तुम्ही मात्र तिथे नव्हता. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचं तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. शस्त्रक्रियेत त्याचा अर्धा जबडा गेला.

आता कळलं, भाडं कशाचं मिळतं ते?

यापेक्षा साध्या गोष्टींचीही यादी आहे, पण मी ती थोडक्यात उरकतो. सुन्न करायच्या इंजेक्शनमध्ये लिग्नोकेनबरोबर अ‍ॅड्रेनालिन असतं. ते शिरेत जाऊ नये म्हणून सुईचा दट्ट्या आधी मागे ओढून पाहायचा असतो, आणि हृदयाचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह यांची चौकशी त्याच्याही आधी करायची असते. अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सियसला, १५ पौंड दाबाखाली निदान १५ मिनिटं ठेवायची असतात. तुमच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यात पाणी उकळतं. हेपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस तग धरतो. एका माणसाची दाढ काढलेला चिमटा दुसऱ्याच्या तोंडात जातो, आणि त्या दुसऱ्याला काविळीचं कारण वर्षानुवर्षं कळत नाही. या अपघातांची कुठे नोंद होत नाही, म्हणून तुम्हाला शांत झोप लागते.

तुमची बाजू मी ऐकलेली आहे. परिषदांमध्ये चहाच्या वेळी, लग्नाच्या पंगतीत, आपलेच लोक ती मांडतात. पहिली सबब अशी: 'मी काय केलं? मी फक्त नाव दिलं.'

हे 'फक्त नाव' काय असतं ते तुम्ही विसरलात. पेशंटला स्वतःच्या तोंडाच्या आतलं दिसत नाही. दात नीट कोरला की नाही, मुळाची नळी शेवटपर्यंत साफ झाली की नाही, सुई उकळलेली होती की निर्जंतुक, हे त्याला तपासता येत नाही, आणि दुखत असताना तर मुळीच नाही. म्हणून त्याच्या वतीने राज्य तपासतं. चार वर्षांचं शिक्षण, एक वर्षाची इंटर्नशिप, विद्यापीठाची परीक्षा, आणि मग एका वहीत नाव. त्या वहीतला क्रमांक म्हणजे सरकारने अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे, की याच्या हाती तोंड द्यायला हरकत नाही. तो शब्द सरकारचा, पेशंटला दिलेला. तुमचा त्यात अधिकार एवढाच, की तुम्ही स्वतः तो पाळायचा. तहसीलदाराने आपला शिक्का कचेरीबाहेरच्या टपरीवाल्याकडे देऊन घरी जावं आणि दाखल्यामागे कमिशन घ्यावं, तसं तुम्ही केलंत.

ते प्रमाणपत्र तुमच्या मालकीचं नाहीच, हे कायद्यात सरळ लिहिलेलं आहे. दंतवैद्य अधिनियम, १९४८ वाचा. पदवी घेताना वाचला असेल तर पुन्हा वाचा. नोंदवहीतून नाव काढलं गेलं की नोंदणीचं प्रमाणपत्र परत करावं लागतं, आणि ते परत न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुमची स्वतःची वस्तू कुणी तुमच्याकडे अशी परत मागत नाही. जे तुमचं नाही ते तुम्ही भाड्याने लावलंत. याला व्यवहारात जे नाव आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरी सबब: 'त्या मुलाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, त्याला अनुभव आहे.' अनुभवाला कायद्याने जागा दिली नव्हती असं नाही. १९४८ च्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात मान्यताप्राप्त पदवी असलेले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण नोंदवही सुरू होण्याआधी निदान पाच वर्षं ज्यांचा चरितार्थ याच कामावर चालत होता असे. पिढीजात दात करणाऱ्या माणसांच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून ते दार ठरावीक मुदतीसाठी उघडलं आणि मग विचारपूर्वक बंद केलं. पुढच्या पिढीने शिकून यावं, हा त्यामागचा हेतू होता. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय सुरू केलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांसाठी कायदा झाला, मग १९४८ मध्ये देशाचा, आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद. नोंदणीचा हा नियम सरकारने आपल्या बोकांडी बसवलेला नाही. बाजारात पथारी टाकून दात उपटणारा आणि शिकलेला दंतवैद्य यांत लोकांना फरक करता यावा, म्हणून आपल्याच व्यवसायातल्या आधीच्या माणसांनी तो झगडून मागून घेतला. त्यांनी एवढ्या खटपटीने जी रेघ ओढली, ती तुम्ही दरमहा पैसे घेऊन पुसता.

त्या मुलाचा हात खरंच चांगला असेल, तर त्याला डेंटल मेकॅनिक किंवा हायजिनिस्टच्या अभ्यासक्रमाला घाला. तेही याच कायद्याखाली नोंदणी होणारे, इज्जतीचे व्यवसाय आहेत. तुम्ही त्याला यातलं काहीच दिलं नाहीत. तुम्ही त्याला तुमचं नाव दिलंत, आणि गुन्हा त्याच्या अंगावर ठेवलात. उद्या पोलीस आले तर तुम्ही काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे: 'तो माझा असिस्टंट होता, माझ्या अपरोक्ष हे करत होता.' आणि त्याच्या घरचे वकिलाची फी जमवत फिरतील.

तिसरी सबब ऐकायला सर्वांत चांगली वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. 'खेड्यात डॉक्टर जात नाहीत. निदान काहीतरी सेवा पोचते.'

खेड्यात दंतवैद्य कमी आहेत, हे खरं. खासगी महाविद्यालयांची फी लाखांत असते आणि शहरातले मोठे दवाखाने नव्या बीडीएसला लाज वाटावी असा पगार देतात, हेही खरं. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या तरुण डॉक्टरची घालमेल मी रोज पाहतो. पण तुमच्या त्या गाळ्याचा हिशेब मांडा. गाळ्याचं भाडं निघतं. मुलाचं घर चालतं. सामानाचा खर्च निघतो. वर तुमचा वाटा निघतो, तोही तुम्ही पाऊल न टाकता. म्हणजे त्या गावात पेशंट आहेत, पैसे मोजायला तयार आहेत, आणि एक दंतवैद्य तिथे पोट भरून राहू शकतो. मग तुम्ही का जात नाही? आणि तुम्ही जाणार नसाल, तर शेजारच्या तालुक्यातली नुकती पास झालेली एखादी मुलगी तिथे दवाखाना टाकायला गेली, तर तिने त्या गाळ्याच्या दराशी कसं भिडायचं? तिला ऑटोक्लेव्ह घ्यायचा आहे, एक्स-रे घ्यायचा आहे, प्रत्येक पेशंटला नवी सुई वापरायची आहे. तुमच्या त्या मुलाला यातलं काहीच नको. ती सहा महिन्यांत गाशा गुंडाळते. मग तुम्हीच म्हणता, खेड्यात डॉक्टर टिकत नाहीत. तिला तिथून तुम्ही हुसकावलंत.

गरिबाला 'निदान काहीतरी' मिळतं, असं म्हणताना तुमच्या मनात गरीब म्हणजे कोण असतं? तुमच्या आईची दाढ दुखली तर त्या मुलाकडे न्याल? तुमच्या मुलाची रूट कॅनाल त्याच्याकडून कराल? नाही ना. मग जे आपल्या घरच्यांना चालत नाही, ते बसस्टँडवर उतरणाऱ्या बाईला चालतं, हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलंत?

आणि हो, तुमचं नाव एवढ्यावरच थांबत नाही. आपल्या क्षेत्रात असेही लोक आहेत, ज्यांचं प्रमाणपत्र एका तालुक्यात दवाखाना चालवतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात तपासणीच्या दिवशी कागदोपत्री प्राध्यापक असतं. ज्या विद्यार्थ्यांना शिकवायला कुणी नव्हतं, त्यांतलेच काही पुढे आपलं प्रमाणपत्र भाड्याने देतात. तुम्ही यांतले असाल की नाही, तुमचं तुम्हाला माहीत.

तुम्ही एवढे निर्धास्त का, तेही मी समजू शकतो. १९४८ च्या कायद्यात नोंदणीशिवाय दंतव्यवसाय करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दंड किती? फार तर ५०० रुपये. दुसऱ्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही रक्कम स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षातली आहे. आज ती अगदीच किरकोळ आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मध्ये नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. दात त्याच शरीराचा भाग आहे, हे कायदा करणाऱ्यांच्या लक्षात यायला इतकी वर्षं लागू नयेत. त्यातही १९४८ च्या कायद्याखाली न्यायालय दखल घेणार ती राज्य सरकारच्या किंवा राज्य परिषदेच्या आदेशाने तक्रार झाली तरच. जिच्या हिरडीतून पू आला, त्या बाईला या कायद्याखाली थेट न्यायालयाचं दार ठोठावता येत नाही. ग्राहक आयोगाकडे जाता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण तिथे पावती लागते. तुमच्या गाळ्यात पावती मिळत नाही.

मात्र तुम्हाला स्वतःला कायदा विसरलेला नाही. व्यावसायिक वर्तन निंद्य ठरलं, तर राज्य परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते. नोंदणी नसलेल्या माणसाला कामावर ठेवून त्याच्याकरवी दंतव्यवसाय करवून घेणं हे १९७६ च्या आचारसंहितेतच अनैतिक कृत्यांमध्ये धरलेलं आहे. २०१४ च्या सुधारित आचारसंहितेने नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, पावतीवर लिहायला सांगितलं, ते पेशंटला जबाबदार माणूस सापडावा म्हणून. तुम्ही तो क्रमांक पेशंटला फसवायला लावलात. जुना कायदा रद्द करून राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. त्यात नीतिमत्ता आणि नोंदणी यांसाठी वेगळं मंडळ आहे, राष्ट्रीय नोंदवही आहे, परवान्यासाठी एक्झिट टेस्ट आहे. चांगलं आहे. पण परीक्षा कितीही कडक केली, तरी ती पास झालेल्याने आपला क्रमांक दुसऱ्याच्या हाती ठेवला तर तिचा काय उपयोग? मंडळावर जे येतील त्यांना माझं सांगणं आहे: धाड घालाल तेव्हा खुर्चीशेजारच्या मुलाला धरून परत फिरू नका. भिंतीवरचं नाव वाचा आणि त्या नावाच्या घरी जा. दोनचार नावं नोंदवहीतून कायमची काढा आणि काढलेली नावं वर्तमानपत्रात छापा. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बोगस डॉक्टर शोध समित्यांनीही आपल्या अहवालात भाडेकरूबरोबर मालकाचं नाव लिहावं.

वाचकांनो, तुमच्याकडेही एक मागणं आहे. दाताच्या दवाखान्यात गेलात की समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं पूर्ण नाव विचारा आणि ते भिंतीवरच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. विचारताना संकोच करू नका. खऱ्या डॉक्टरला याचा राग येत नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेच्या नोंदवहीत नाव शोधता येतं. नाव आणि क्रमांक छापलेली पावती मागा. 'डॉक्टर आज आले नाहीत, मीच करतो' असं कुणी म्हणालं, तर उठून बाहेर या, दाढ कितीही ठणकत असली तरी. तंबाखू, खर्रा, मिश्री यांपैकी काही घेत असाल आणि तोंडात दोन आठवड्यांवर न भरलेला व्रण किंवा पांढरा चट्टा असेल, तर गाळ्यात वेळ घालवू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे जा.

आणि डॉक्टरसाहेब, तुमच्यासाठी एवढंच. त्या बाईची चिठ्ठी, तुमच्या पाटीचं छायाचित्र आणि माझी सही असलेली लेखी तक्रार मी राज्य दंत परिषदेकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे.

आपला,
त्याच नोंदवहीतला एक दंतवैद्य